उन्हाचे तास, हाताचे तास

रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, झाडावरून उतरला की आपल्यासाठी थांबत नाही. पूर्ण पिकलेलं फळ जेमतेम दोन दिवस नीट राहतं, मग त्याला पाणी सुटायला लागतं. तेवढ्यात ते धुवायचं, फोडायचं, बिया आणि गर एका टोपात काढायचा आणि साली दुसऱ्यात. त्यातल्या काही साली मिठात जातात, त्यांचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, होतं. काहींत साखर भरून काचेच्या बरण्या उन्हात ठेवायच्या, ते अमृत कोकम. उरलेल्या साली सोलांसाठी, म्हणजे आमसुलांसाठी, खळ्यात पसरायच्या. सोलं एका वाळवणात होत नाहीत. गराच्या रसात मीठ घालायचं, वाळत आलेल्या साली त्यात बुडवायच्या, पुन्हा उन्हात टाकायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवायच्या. जितकी पुटं जास्त तितकं सोल काळं, मऊ आणि आंबट. हे सगळं एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत. त्या दिवसांत सकाळी नऊ ते दुपारी चार हे तास उन्हाच्या मालकीचे असतात. मी त्यांच्या कामावर असते.

मालवण तालुक्यातल्या एका गावात मी घरातूनच व्यवसाय करते. आगळ, सोलं, अमृत कोकम, आंबापोली, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला. आधी ओळखीचे चाकरमानी न्यायचे, आता मुंबई, पुणे, नाशिकला पार्सलं जातात. बचत गटाच्या बैठकीत नवीन काही सुरू करू पाहणाऱ्या बायका भेटतात, तेव्हा भांडवलाचा किंवा कर्जाचा प्रश्न नंतर येतो. पहिला प्रश्न असतो, "घरातला सगळा सांभाळून ह्या कधी करतंस गो?"

बैठकीच्या गडबडीत याचं उत्तर दोन वाक्यांत द्यावं लागतं आणि ते अपुरं राहतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दिवसाचं वेळापत्रक करायच्या आधी मी वर्षाचं करते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतं आणि साधारण त्याच सुमारास दक्षिण कोकणात पाऊस पोचतो. त्याच्या आत आगोटीची सगळी कामं उरकायची असतात: लाकडं आत घ्यायची, घर शाकारायचं, मिरच्या-मसाला, पापड, सोलं, मीठ भरून ठेवायचं. कोकणातल्या प्रत्येक घराला हे माहीत आहे. व्यवसाय करणाऱ्या घराला हीच आगोट दुप्पट असते, कारण ती आपल्यापुरती नसते, वर्षभराच्या गिऱ्हाइकांची असते. त्यामुळे मे महिन्यात मी नवीन पदार्थ करून बघत नाही, दुकानदारांना भेटायला जात नाही, जुन्या उधारीच्या मागे लागत नाही. हिशेब फक्त टिपून ठेवते. ही सगळी कामं पावसाळ्यात होतात. जुलैमध्ये ऊन नाही, फळ नाही, आणि लावणीचे दिवस सोडले तर दुपारी डोकं मोकळं असतं. वर्षाची जमाखर्चाची वही, नव्या लेबलचा मजकूर, गणपतीच्या मागण्यांचा अंदाज, कुणाला किती माल राखून ठेवायचा, हे पडवीत बसून, बाहेर पाऊस कोसळत असताना करायचं काम आहे.

मार्च मसाल्याचा. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, मग धणे, खसखस, दगडफूल, त्रिफळं नव्हे, ती माशासाठी वेगळी ठेवायची. भाजणीच्या दिवशी घरात दुसरं काही होत नाही आणि ते होऊ द्यायचंही नाही. गणपतीला चाकरमानी येतात आणि जाताना पिशव्या भरून नेतात. डिसेंबरात मालवण-तारकर्लीकडे पर्यटक येतात. असं वर्ष एकदा डोळ्यांसमोर मांडलं की दिवसाबद्दलची निम्मी चिंता कमी होते. एखादं काम आज झालं नाही म्हणून जीव कासावीस होतो, तेव्हा ते काम या महिन्याचं तरी आहे का, एवढंच बघायचं. बऱ्याचदा ते नसतंच.

वेळेच्या नियोजनाबद्दल मोबाईलवर भरपूर सल्ले फिरतात आणि मी ते मन लावून ऐकलेले आहेत. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती, ही फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन माणसाने काढलेली पद्धत तर सगळ्यांना माहीत झाली आहे. टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वापरून त्याने ती सुरू केली, म्हणून तिचं नाव पोमोडोरो. लेबलं चिकटवायला, हिशेब उतरवायला, मागण्यांची यादी करायला ती मला खरोखर उपयोगी पडते. पंचवीस मिनिटांची गजर लावली की मी उठत नाही आणि घरातल्यांनाही एवढा वेळ दम धरणं जमतं. पण आंब्याचा रस चुलीवर आटत असताना कसली गजर आणि कसली विश्रांती! उलथनं थांबलं की रस खाली लागतो, आणि लागलेल्या रसाचा वास अख्ख्या टोपाला येतो. तिथे रस सांगेल तेवढा वेळ उभं राहायचं. हे सल्ले ज्यांनी दिले त्यांची कामं टेबलावरची होती, आणि टेबलावरच्या कामाला ते लागू पडतात. आपल्या कामांतलं कुठलं टेबलावरचं आणि कुठलं चुलीवरचं, हे आपलं आपण ओळखायला हवं.

आमच्या शेजारच्या काकी खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला जातात. त्यांचा दिवस माझ्यापेक्षाही कमी त्यांच्या हातात असतो, कारण तो ओहोटीवर चालतो. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना एक साधा हिशेब पाठ असतो: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, भरती पूर्ण होण्याची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे काकींचं काम रोज पाऊण तासाने पुढे सरकतं, आणि त्यांचा स्वयंपाक, दुपारची झोप, बाजाराची फेरी हे सगळं त्यामागून सरकतं. गेली कित्येक वर्षं त्या असं काम करत आल्या आहेत आणि मी त्यांना कधी घाईत बघितलेलं नाही. वेळ त्यांच्या हातात नाही, पण ती कधी येणार हे त्यांना आठवडाभर आधी ठाऊक असतं. माझ्या मते व्यवसायात एवढं पुरतं. सगळे तास आपल्या ताब्यात असायची गरज नाही. कुठले तास आपले नाहीत हे आधी माहीत असलं की उरलेल्यांचं काहीतरी करता येतं.

अवघड जातात ते तिसऱ्या प्रकारचे तास. ते ना उन्हाचे, ना ओहोटीचे. ते घर मागतं.

"तू घराकच आसस मगे, वायच ह्यांका चाय दी." "बँकेत जाऊचा आसा, पोराक वायच बघशीत?" "गॅसवालो येतलो, दार उघडा ठेव." यातलं एकही मागणं वाईट नाही आणि मागणारी माणसं तर अजिबात वाईट नाहीत. गावात माणसं एकमेकांचं असं करतात म्हणूनच गाव टिकून आहे, आणि माझ्या अडीनडीला हीच माणसं धावून आलेली आहेत. तरीही दिवसभरात अशी पाच-सहा कामं आली की फोडायचे रातांबे तसेच राहतात. शिक्षिका असलेल्या जावेला किंवा पोस्टात जाणाऱ्या शेजारणीला दुपारी बाराला कुणी मूल सांभाळायला सांगत नाही. त्या कामावर असतात. मी घरी असते.

सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं, असं त्यात निघालं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे व्यवसायाचा पहिला रातांबा फोडायच्या आधी बाईच्या दिवसातले जवळजवळ पाच तास गेलेले असतात, आणि मुलं-म्हातारी माणसं सांभाळायचा वेळ त्या पाहणीत याहून वेगळा मोजलेला आहे. मला हे आकडे वाचून राग आला होता आणि अजून येतो. पण त्याहून जास्त एक गोष्ट लक्षात आली. घरात कुणीही माझ्या कामाला नको म्हणत नव्हतं. नवरा पार्सलं एसटी स्टँडवर पोचवायचा, मुलगा लेबलं लावायचा, सासूबाई खळ्यात माझ्या आधी हजर असायच्या. फक्त त्या तासांची किंमत कुणाला माहीत नव्हती, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती.

म्हणून मी ती लिहायला घेतली. बैठकीत मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं असतं आणि तिथे ते नेमकं राहून जातं.

समजा, चाळीस लिटर आगळाची एक खेप आहे. रातांबे आणणं, धुणं, फोडणं, मीठ लावणं, रोज ढवळणं, गाळणं, बाटल्या उकळून कोरड्या करणं, भरणं, झाकणं लावणं, खोक्यात बांधणं, हे सगळं मिळून हाताचे वीस तास धरा. बागेत कामाला येणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली तर तासाला ५० रुपये होतात. वीस तासांचे १,०००. ते चाळीस बाटल्यांवर वाटले की बाटलीमागे २५ रुपये. फळ, मीठ, बाटली, खोकं, लेबल, गाडीभाडं यांच्या खाली ही आणखी एक ओळ: मजुरी, २५. ही ओळ वहीत नसेल तर ते पंचवीस रुपये गिऱ्हाइकाच्या पिशवीत भेट म्हणून जातात, आणि मे महिना संपल्यावर बाई म्हणते, एवढं राबूनही हातात काही उरलं नाही.

वहीत ही ओळ आली तेव्हा मला वाटलं होतं की किंमत ठरवायला मदत होईल. ती झालीच. पण त्याहून मोठी मदत वेळेची झाली. प्रत्येक पदार्थासमोर तास दिसायला लागले. तळलेल्या फणसाच्या गऱ्यांना मागणी खूप, पण कापा फणस फोडायचा, हाताला खोबरेल लावून चिकाशी झगडायचं, गरे काढायचे, बिया काढायच्या, बारीक चिरायचे, तळायचे, निथळायचे. एका पाकिटाला आगळाच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त वेळ, आणि तेवढी किंमत कुणी देत नाही. मी ते बंद केले. गावातच एका घरी तिघी जावा मिळून मोठ्या कढईत गरे तळतात. गऱ्यांची विचारणा आली की मी त्यांचा नंबर देते, त्या सोलांसाठी माझ्याकडे पाठवतात. एका घराने सगळंच करायला हवं असा कुठे नियम आहे?

वही लिहिताना आणखी एक प्रकारचे तास सापडले, जे आधी मोजलेच जात नव्हते. लेबलवर खेपेचा क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं राहील ते, अन्न नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, हे सगळं यावं लागतं. कोकमाला २०१६ साली 'सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून शहरातली गिऱ्हाइकं फळ कुठलं, कधीचं, मीठ किती, असे चांगले प्रश्न विचारतात. त्यांना उत्तरं द्यायला वेळ लागतो. बाटली पार्सलात फुटू नये म्हणून बांधायला वेळ लागतो, कारण आगळाचा डाग सहजी जात नाही आणि एक बाटली फुटली की खोक्यातला बाकीचा सगळा माल वाया. हे तास दिसत नाहीत, थकवा मात्र यांचाच सगळ्यात जास्त येतो. बनवण्याच्या वेळेइतकाच वेळ इथे जातो हे कळल्यावर मी त्यांनाही मजुरी लावली.

आणि सासूबाईंचे तास! सोल तयार झालं की नाही हे त्या दोन बोटांत दाबून सांगतात. मला अजून तेवढं अचूक जमत नाही. आभाळाकडे बघून "आज चारच्या आधी काढ" असं त्या म्हणाल्या की मी वाद घालत नाही. खळ्यात वाळवण राखत बसलेली म्हातारी बाई काम करते आहे असं कुणालाच वाटत नाही, तिला स्वतःलाही नाही. माझ्या वहीत आता त्यांच्या नावाचा वेगळा रकाना आहे. पहिल्यांदा पैसे दिले तेव्हा त्या घेईनात. "घरच्या कामाचे कसले गो पैशे?" मी म्हटलं, आये, गिऱ्हाइकाने तुमच्या कामाचे दिलेत, माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नाही. मग त्यांनी ते पोस्टाच्या खात्यात टाकले. त्यानंतर त्या स्वतःच शेजारणींना सांगायला लागल्या, "आता नको, दोघी कामाक आसव." दुपारची निम्मी मागणी त्या एका वाक्याने थांबली. मी सांगून जे होत नव्हतं ते त्यांच्या तोंडून झालं.

घरकामातून व्यवसाय कसा उभा राहिला हे बघायचं तर लिज्जत पापडाची रचना नीट समजून घ्यावी. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ही गोष्ट आपल्याला माहीत असते. मला त्यात जास्त महत्त्वाची वाटते ती पुढे बसलेली कामाची घडी. पीठ केंद्रावर मळलं जातं. सकाळी बाई आदल्या दिवशीचे पापड घेऊन येते, ते तपासून जमा होतात, लाटणावळ मिळते, आणि ती त्या दिवसाचं पीठ घेऊन घरी जाते. लाटायचे कधी हे तिचं तिने ठरवायचं: मूल झोपल्यावर, भात शिजत असताना, दुपारी. पण सकाळी पापड पोचवायची वेळ मात्र बदलत नाही. दोन टोकं घट्ट बांधलेली, मधला भाग मोकळा. घर आणि काम एकाच छताखाली असलेल्या बाईला याहून योग्य रचना मला अजून दिसलेली नाही.

मी माझ्यासाठी तशी दोन टोकं बांधली. पार्सलं मंगळवारी आणि शुक्रवारीच निघतात, मागणी कधीही येवो. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत भरणं-बांधणं झालंच पाहिजे, मधे मी ते कधी करते हे माझ्यावर. आधी वाटलं होतं गिऱ्हाइकं नाराज होतील. कुणीही झालं नाही. उलट, माल नक्की कधी निघणार हे कळल्यामुळे "निघालं का?" असे फोन जवळजवळ थांबले.

फोनचंही तसंच. मुंबईतला चाकरमानी रात्री दहाला मेसेज करतो, कारण तो लोकलमधून उतरून, जेवून तेव्हाच मोकळा होतो. त्याने गावची आठवण काढून दोन बाटल्या मागवाव्यात यात मला मनापासून आनंद आहे, आणि त्याच्या सोयीच्या वेळेवर माझी काही तक्रार नाही. उत्तर मात्र मी सकाळी पेजेनंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर देते. व्हॉट्सअॅपवर दरपत्रक, पार्सलचे वार आणि पैसे पाठवायची पद्धत असलेला एक तयार मजकूर ठेवला आहे, तो पहिल्याच मेसेजला आपोआप जातो. ज्याला बोलायचंच आहे तो बोलतो, आणि मीही बोलते. काही जणांना आगळापेक्षा गावात पाऊस कसा आहे हे ऐकायचं असतं. तो वेळ मी वहीत धरत नाही.

पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून जून ते सप्टेंबर माझ्याकडे कामाच्या दोन याद्या असतात. एकीत मिक्सर, पिशव्या सील करणं, लेबलं छापणं, फोन चार्ज करणं. दुसरीत कुळीथ पाखडणं, मसाल्याचे देठ काढणं, वाळवून ठेवलेल्या कोकमाच्या बिया फोडणं, त्यांचं तेल काढून गोळे वळणं, वहीचं काम. लाईट असली की पहिली यादी, गेली की दुसरी. यामुळे अंधारात हात बांधून बसणं थांबलं, आणि लाईट आल्यावर काय आधी करायचं याचा विचार करण्यात जाणारी दहा मिनिटंही वाचली.

अर्थात, काही दिवस कुठल्याच यादीत बसत नाहीत. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, ऐन वाळवणाच्या दिवसांत. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकलं, आणि दापोली-मंडणगडकडच्या बागा उन्मळून पडल्या. तिथल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्यांची झाडं एका दुपारी गमावली. अशा वेळी वेळेच्या नियोजनाबद्दल बोलणं हा त्या माणसांचा अपमान होईल. एवढंच म्हणेन की मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी आता काहीही नवीन वाळत घालत नाही. उशिरा पिकणाऱ्या झाडांचे रातांबे आगळालाच जातात, कारण आगळ आत, पडवीत होतं. ऊन मिळालं तर ठीक, नाही मिळालं तरी माल बुडत नाही.

यंत्रांबद्दल थोडं. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्राची योजना आली, तिच्यात कर्जाला जोडून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती, आणि गावागावांत यंत्रांची चर्चा सुरू झाली. यंत्र घ्यावं, जरूर घ्यावं. फक्त ते कुठले तास वाचवणार आहे हे आधी वहीत बघावं. रस काढायचं यंत्र रस काढायचे तास वाचवतं, पण अडचण बाटल्या धुण्यात असेल तर रस लवकर निघून नुसता टोपात थांबून राहतो. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ वाचवला तो पायाने चालणाऱ्या सीलिंग मशीनने, आणि पडवीला घातलेल्या दाराने. दार आलं तेव्हापासून व्यवसायाची भांडी, बरण्या, वजनकाटा तिथेच राहतात. स्वच्छतेच्या नियमांसाठी ते वेगळं ठेवायला हवंच होतं. पण रोज सगळं मांडायचं आणि रोज आवरायचं, यात जाणारा वेळ वाचल्यावर कळलं की तो किती होता.

माझी मावशी आचऱ्याची. आचऱ्यात दर काही वर्षांनी गावपळण असते. रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस आणि तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी. दुकानं बंद, शाळा बंद, चुली बंद. सगळ्या जातिधर्मांची माणसं जातात. वेशीबाहेर झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात, रात्री भजनं होतात, पत्ते रंगतात, आणि मावशी म्हणते की वर्षानुवर्षं न बोललेल्या बायका तिथे पहाटेपर्यंत बोलत बसतात. त्या गावातही पापड-मसाले करणारी घरं आहेत, खानावळी आहेत, माझ्यासारख्याच मागण्या सांभाळणाऱ्या बायका आहेत. त्या आपल्या गिऱ्हाइकांना आधीच कळवतात आणि जातात. कुणी म्हणत नाही की मला वेळ नाही.

मला हे फार मोलाचं वाटतं. घरातून काम करणाऱ्या बाईला सुट्टीचा दिवस नसतो, कारण तिची कामाची जागा आणि झोपायची जागा एकच. आजारी पडली तरच ती थांबते. आमच्या गावात गावपळण नाही. म्हणून मिरग झाला, आगोट संपली, सगळ्या बरण्या माळ्यावर गेल्या की मी आठवडाभर मागण्या घेत नाही. तसं गिऱ्हाइकांना मे महिन्यातच कळवते. त्या आठवड्यात सासूबाई आणि मी दोघीही माहेरी जातो, त्या त्यांच्या, मी माझ्या. घरचे पुरुष भात-आमटी करून खातात आणि व्यवस्थित जगतात.

यंदा एक नवीन गोष्ट करायची आहे. आगळाची मागणी तीनशे बाटल्यांच्या पुढे जाईल असं दिसतं, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना आता खळं झेपत नाही. मदतीला बाई ठेवायची. हंगामात अठरा दिवस धरले तर ४०० रुपयांनी ७,२०० होतात, तीनशे बाटल्यांवर २४ रुपये. किमतीत मजुरीचे २५ आधीपासूनच आहेत, त्यामुळे भाव वाढवावा लागणार नाही आणि कुणाला पदरचे पैसेही द्यावे लागणार नाहीत. माझे जे तास मोकळे होतील त्यांची मजुरी अर्थात मला मिळणार नाही. त्या वेळात मालवणातल्या दोन-तीन खानावळींना सोलकढीसाठी घाऊक आगळ द्यायचं बोलणं पुढे न्यायचं आहे. ते काम फक्त मीच करू शकते आणि दोन हंगाम ते मागे पडलं आहे.

शेजारच्या काकींची सून यायला तयार आहे. तिची एकच अट: खाडीत मोठी ओहोटी असेल ते दिवस तिला मोकळे हवेत, कारण तिसऱ्यांचे पैसे तिच्या हातात रोख येतात आणि ते ती सोडणार नाही. मला ते अगदी पटलं. दोघी दिनदर्शिका घेऊन बसलो आणि एप्रिल-मेमधले पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस तिच्या नावाने खोडून टाकले. उरलेल्या दिवसांतले अठरा निवडले, तिची मजुरी वहीत लिहिली, आणि रातांबे देणाऱ्या बागायतदाराला फोन करून त्याच दिवसांच्या आदल्या संध्याकाळी माल टाकायला सांगितलं.